परसातील कोंबडी, प्रकाश व अंडी-उत्पादन (पुणे परिसर)

घरामागील मोकळ्या जागेत, विकतचे खाद्य न देता, खरकटे, सांडलेले धान्य आणि किडामुंगी यांवर पोसल्या जाणाऱ्या कोंबडीस परसातील अथवा गावठी कोंबडी म्हणतात. ती कोणत्या वयात अंडी घालू लागते, वर्षाकाठी किती अंडी देते आणि मध्येच का थांबते, हे प्रश्न घरगुती व्यवहाराचे म्हणून बराच काळ दुर्लक्षित राहिले. विसाव्या शतकात पक्ष्यांच्या प्रजननावर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो, हे सिद्ध झाले. या घटनेस दीप्तिकालिता म्हणतात. त्यानंतर अंडी कमी मिळण्याचे कारण म्हणून प्रकाशाकडे बोट दाखविण्याची प्रथा पडली. हे ज्ञान मुख्यतः उच्च अक्षांशांच्या देशांत जन्मले. पुण्यासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. पवना नदीकाठचे पिंपळे गुरव आणि त्याच्या आसपासची पूर्वीची हवेली तालुक्यातील खेडी येथील कोंबडीपालनाचा इतिहास पाहिला, म्हणजे प्रकाशाचा प्रभाव कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे स्पष्ट होते.

पूर्वज : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत सापडलेल्या हाडांवरून कोंबडी प्रथम भारतात माणसाळली, असे दीर्घकाळ मानले जात असे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील उपजातीकडे निर्देश केला. २०२२ मध्ये झालेल्या पुनर्तपासणीत निश्चितपणे पाळीव म्हणता येतील असे सर्वांत जुने अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथील (इ. स. पू. सु. १६५०–१२५०) ठरले. भारताचा वाटा यामुळे नाहीसा होत नाही. सह्याद्रीच्या रानांत आजही आढळणारा राखी रानकोंबडा (गॅलस सोनेराटाय) हा पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीस कारणीभूत असलेल्या जनुकाचा मूळ धनी असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत या पक्ष्याचा थोडा अंश आहे.

रानकोंबडी वर्षातून केवळ एक-दोन वेळा, सर्व मिळून सु. १० ते १५ अंडी घालते आणि ती उबविण्यास बसते. अन्न मुबलक असेल अशा ऋतूत पिले बाहेर पडावीत, हा या मर्यादेचा हेतू होय. माणसाच्या सहवासात ही ऋतूची पकड सैल झाली. २०१० मध्ये कोंबडीच्या संपूर्ण जनुकसंचाचा जो अभ्यास झाला, त्यात अवटू ग्रंथीस उत्तेजित करणाऱ्या हॉर्मोनाच्या ग्राहीचे जनुक पाळीव कोंबड्यांत जवळजवळ सर्वत्र एकाच रूपात असल्याचे आढळले. हेच हॉर्मोन पक्ष्यांच्या मेंदूत दिवसाच्या लांबीचा निरोप पोहोचविण्याचेही काम करते. युरोपातील प्राचीन हाडांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार या रूपाचा तेथील प्रसार इ. स. १००० च्या सुमारास वेगाने झाला. त्या काळी चतुष्पादांचे मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती उपवासांच्या दिवसांत कोंबडी व अंडी चालत असत. धर्माचरणाचा ठसा पक्ष्याच्या जनुकांत उमटल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

पुणे परिसरातील जुनी पद्धत : महाराष्ट्रातील खेड्यांत कोंबडी पाळणे हे सर्व घरांचे काम नव्हते. माळकरी घरांत मांसाहार वर्ज्य असल्याने ती सहसा नसे. इतर शेतकरी, बलुतेदार व मजूर घरांत चार-दोन कोंबड्या व एखादा कोंबडा असे. मरीआई, म्हसोबा यांसारख्या ग्रामदेवतांच्या नवसासाठी कोंबडा लागे. अंडी मात्र खाण्यापेक्षा पिले काढण्यासाठी व आठवडे बाजारात विकण्यासाठी राखली जात. त्या विक्रीचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राही. मीठ-मिरची, मुलांची पाटी, एखादी काकणे असे खर्च त्यातून निघत. म्हणूनच कोंबडी अंडी घालावयाची थांबली, की त्याची झळ प्रथम तिला बसे आणि अशी कोंबडी विकावी की ठेवावी, याचा निर्णयही बहुधा तीच करी.

या स्त्रियांजवळ निरीक्षणाची मोठी शिदोरी होती. पहिले अंडे अद्याप न घातलेल्या तरुण कोंबडीस तलंग म्हणतात. तलंगेचा तुरा फिकट व आखूड असतो. तो लाल, मऊ व टवटवीत होऊ लागला, ती कोपरे व टोपल्या धुंडाळू लागली आणि पाठीवर हात ठेवताच खाली बसू लागली, की पहिले अंडे पंधरवड्यात येणार, असे ओळखले जाई. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन बोटे मावली, तर कोंबडी अंड्यावर आहे, ही परीक्षाही सर्वत्र प्रचलित होती. या खुणा शास्त्रानेही मान्य केल्या आहेत. तुऱ्याची लाली हा बीजांडकोशातून स्रवणाऱ्या हॉर्मोनांचा परिणाम असून कटीची हाडे अंडे बाहेर पडण्यासाठी फाकतात.

गावठी तलंग साधारणतः सहा ते सात महिन्यांची झाल्यावर पहिले अंडे घालते. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेल्या असील जातीस याहून अधिक काळ लागतो. पांढरी लेगहॉर्न २० आठवड्यांच्या आसपास, तर आजचे संकरित वाण १८–१९ आठवड्यांत अंड्यावर येतात. आरंभीची अंडी लहान असतात. त्यांत एखादे बिनकवचाचे किंवा दोन बलकांचे निघते. हा रोग नव्हे. अंडवाहिनी आणि बीजांडकोश यांचा मेळ बसण्यास काही दिवस लागतात, इतकाच त्याचा अर्थ.

परसातील कोंबडी १० ते १५ अंडी घालून झाली, की खुडूक होते. म्हणजे ती अंड्यांवर बसून राहते, अंग फुगविते, खाणे कमी करते व जवळ जाणाऱ्यास टोचते. येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. अंडी घालण्यात तीन आठवडे, उबविण्यात २१ दिवस आणि पिलांबरोबर हिंडण्यात सु. दोन महिने, असे एक आवर्तन तीन ते साडेतीन महिन्यांचे होते. वर्षात अशी तीन ते चार आवर्तने बसतात आणि अंडी ५० च्या आसपास भरतात. गावठी कोंबडीचे वार्षिक उत्पादन ५० ते ७० अंडी सांगितले जाते, ते याच हिशेबाने. या उत्पादनाला मर्यादा घालणारी पहिली गोष्ट तिचे मातृत्व आहे. दिवसाची लांबी ही नव्हे. खुडूकपण मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडविणे, नाकपुडीत पीस ओवणे, डालग्याखाली कोंडणे असे उपाय केले जात. यांपैकी पहिले दोन निष्कारण क्रूर आहेत. उबदार व अंधाऱ्या घरट्यापासून दूर, उजेडाच्या व वाऱ्याच्या जागी काही दिवस ठेवणे, हा उपाय प्रोलॅक्टिन या हॉर्मोनाची पातळी उतरण्यास खरोखर साहाय्य करतो.

अंडे तयार होण्याची क्रिया : कोंबडीचा केवळ डावा बीजांडकोश कार्यक्षम असतो. त्यातील एकेक पुटक आठ-दहा दिवसांत झपाट्याने वाढून पिवळ्या बलकाच्या आकाराचे होते. बलक सुटल्यावर अंडवाहिनीच्या नरसाळ्यात पाव तास, पांढरा बलक चढण्यास सु. तीन तास, आतील पापुद्रे बनण्यास सव्वा तास आणि कवच चढण्यास सु. वीस तास, असा एकूण चोवीस ते सव्वीस तासांचा प्रवास होतो. अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढील बलक सुटतो. एका अंड्यास चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागत असल्याने पहिल्या दिवशी सकाळी, दुसऱ्या दिवशी जरा उशिरा, तिसऱ्या दिवशी दुपारी असे अंडे पुढे सरकते आणि मग एक दिवस नागा पडतो. हा नागा प्रकाशाशी निगडित आहे. बलक सुटण्याचा आदेश देणारे हॉर्मोन पोषग्रंथीतून रात्रीच्या अंधाराशी बांधलेल्या ठरावीक तासांतच मोठ्या प्रमाणात स्रवू शकते. ती वेळ टळली, की आदेश दुसऱ्या रात्रीवर जातो. एका दिवसाच्या नाग्यावरून कोंबडी आटली, असे मानून ती खाटकाला दिल्यास नुकसान मालकिणीचेच होते.

दिवसाच्या लांबीचे मोजमाप पक्षी केवळ डोळ्यांनी करीत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात बदकांवर प्रयोग करून डोळ्यांच्या नसा तोडल्यावरही प्रकाशाचा परिणाम होतो, हे दाखविले. प्रकाश पिसे, कातडी व कवटी यांतून आत झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस भागातील प्रकाशग्राही पेशींना चेतवितो. तांबडे किरण ऊतकांतून अधिक खोल जात असल्याने तारेच्या दिव्याचा पिवळसर-तांबूस उजेड या कामी पुरेसा होतो. २००८ व २०१० मध्ये जपानी संशोधकांनी लाव्यांवरील अभ्यासातून या साखळीतील पुढील दुवे उलगडले. प्रकाशाचा निरोप प्रथम पोषग्रंथीच्या वरच्या पट्ट्यात अवटू-उत्तेजक हॉर्मोनाच्या रूपाने पोहोचतो आणि तेथून मागे मेंदूकडे वळून प्रजननाची यंत्रणा जागी करतो. पाळीव कोंबडीतील बदललेले जनुक याच ठिकाणचे असावे, हा योगायोग नसावा.

उत्तरेकडील देशांतील प्रकाशविद्या : पिंजऱ्यातील गाणाऱ्या पक्ष्यांना हिवाळ्यात संध्याकाळी दिव्याजवळ ठेवून अवेळी गाते करण्याची योगाई नावाची रीत जपानात पूर्वापार होती. हॉलंडमधील पक्षी पकडणारेही पक्ष्यांना अंधारात व मग उजेडात ठेवून हवे तेव्हा गाते करीत. शास्त्रीय पाया मात्र कॅनडातील विल्यम रोवन यांनी घातला. १९२५ मध्ये त्यांनी एडमंटनच्या कडाक्याच्या थंडीत जंको नावाच्या पक्ष्यांना उघड्या पिंजऱ्यांत ठेवून विजेच्या दिव्याने त्यांचा दिवस वाढविला. भोवती बर्फ असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. ऊब हे कारण नसून दिवसाची लांबी हे कारण आहे, हे यातून सिद्ध झाले. त्याआधीच अमेरिकेतील काही कोंबडीपालक हिवाळ्यात खुराड्यांत दिवे लावू लागले होते. तेथे हा व्यवहाराचा प्रश्न होता, कारण हिवाळ्यात अंडी जवळजवळ बंद होत व भाव चढत. पुढे इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात टी. आर्. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर दोन नियम स्थिर केले : वाढीच्या वयात तलंगांचा दिवस वाढू देऊ नये आणि अंडी देण्याच्या काळात तो कमी होऊ देऊ नये. दिवस अवेळी वाढला, तर तलंग कोवळ्या वयात अंड्यावर येते. तिची अंडी लहान राहतात व अंडवाहिनी बाहेर येण्याचा धोका वाढतो.

आता या नियमांपुढे पुण्याचे आकाश ठेवून पाहावे. लंडन येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. पिंपळे गुरव सु. १८.६° उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा आणि २२ डिसेंबरच्या सुमारास अकरा तासांचा असतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवून सहाला मावळतो, जूनमध्ये सहाला उगवून सव्वासातच्या आत मावळतो. म्हणजे लंडनला जो फरक पावणेनऊ तासांचा, तो येथे केवळ सव्वादोन तासांचा आहे. शिवाय सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांचा संधिप्रकाश असतोच. तलंगांवर दिवसाच्या लांबीचा परिणाम मुख्यतः दहा ते तेरा तासांच्या दरम्यान घडून येतो आणि त्यापलीकडे तो फारसा वाढत नाही. पुण्याचा दिवस याच टप्प्यात वर-खाली होतो. त्यामुळे हिवाळ्यात अंडी थोडी घटतात व काही कोंबड्यांची पिसे गळून नवी येतात. पण युरोपातल्यासारखी बंदी पडत नाही. पावसाळी ढगांनी उजेड मंद झाला, तरी तो कोंबडीस लागणाऱ्या किमान तीव्रतेच्या अनेक पटींनी अधिक असतो. श्रावणातील अंधारलेल्या हवेमुळे अंडी कमी झाली, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. तिचे कारण ओल, जंत आणि मानमोडी (रानीखेत) सारखे रोग यांत शोधावे लागते.

या प्रदेशात अंड्यांचा हंगाम संक्रांतीनंतर चैत्रापर्यंत भरात असतो, असा जुना अनुभव आहे. याच महिन्यांत दिवस वाढू लागतो. पण याच महिन्यांत रब्बीच्या ज्वारीची खळी लागतात आणि कोंबड्यांना सांडलेले दाणे पोटभर मिळतात. यांतला किती वाटा सूर्याचा व किती खळ्याचा, हे परसातल्या कोंबडीपुरते वेगळे काढणे कठीण आहे. तथापि दिवसातील फरक इतका अल्प असता दाण्याचे पारडे जड मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यानंतर वैशाखाचा उन्हाळा येतो. दिवस आणखी वाढत असतो, तरी अंडी घटतात व कवच पातळ होते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ३५° से. च्या वर जाते. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापते, तेव्हा रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड अतिरिक्त प्रमाणात बाहेर पडतो आणि कवचासाठी लागणारी बायकार्बोनेटे कमी पडतात. त्यातच उष्म्याने खाणेही कमी होते. सर्वाधिक उजेडाच्या दिवसांत अंडी रोडावतात, ही गोष्ट केवळ प्रकाशाच्या सिद्धांताने उलगडत नाही.

खडकी केंद्र व विलायती जाती : पिंपळे गुरवपासून थोड्याच अंतरावर खडकीची लष्करी छावणी आहे. छावणी व पुणे शहर ही अंड्यांची ठरलेली गिऱ्हाइके होती. खडकी येथेच शासनाचे कुक्कुट केंद्र असून ते आज मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र म्हणून ओळखले जाते. राज्यात अशी केंद्रे औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर व नागपूर येथेही स्थापन झाली. पांढरी लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे कोंबडे, अंडी व पिले अशा शासकीय केंद्रांतून खेड्यांत पोहोचली. गावठी कोंबडे काढून त्यांच्या जागी विलायती कोंबडे देण्याच्या योजनाही स्वातंत्र्योत्तर काळात राबविण्यात आल्या.

या योजनांचा एक परिणाम आधी कोणी फारसा ध्यानात घेतला नव्हता. लेगहॉर्न खुडूक होत नाही म्हणूनच ती अधिक अंडी देते. तिचा अंश आलेल्या कोंबड्या परसात अंडी अधिक देऊ लागल्या, पण अंडी उबवीनाशा झाल्या. पिले विकत आणावी लागू लागली आणि कोंबडीपालनाची जी घडी घरातल्या घरात पूर्ण होत असे, ती उबवणी केंद्रावर अवलंबून राहिली. शिवाय पांढऱ्या रंगामुळे ती घारीच्या व मुंगसाच्या नजरेत लवकर भरे. गावठी जातीची काटकता व विलायती जातीचे उत्पादन यांचा मेळ घालणारी गिरिराज, वनराज यांसारखी रंगीत वाणे दक्षिण भारतातील संशोधन संस्थांनी पुढे तयार केली व ती महाराष्ट्रातही पसरली. खेड्यांतील अनेक घरांनी मात्र एक-दोन गावठी कोंबड्या केवळ उबविण्यासाठी राखून ठेवण्याची युक्ती स्वतःच शोधली होती. ती कोणत्याही योजनेत नव्हती.

वीज व व्यापारी कुक्कुटपालन : खुडूकपणाचा अडसर दूर झालेल्या कोंबडीच्या बाबतीत मात्र प्रकाशाला खरी किंमत येते. वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देऊ शकणाऱ्या पक्ष्याला अकरा तासांचा दिवस अपुरा पडतो आणि तो चौदा ते सोळा तासांपर्यंत नेल्यास उत्पादन टिकून राहते. यासाठी वीज हवी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली, कोयना प्रकल्पाची वीज १९६२ मध्ये मिळू लागली आणि पुढील दोन दशकांत ती खेडोपाडी पोहोचली. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला होता. १९६० नंतर औद्योगिक वसाहती वाढल्या व कामगारांच्या वस्त्यांबरोबर अंड्यांची मागणीही वाढली. कंदील व चिमणीच्या काळात ज्याची कल्पनाही शक्य नव्हती, ते दर चार चौ. फुटांस सु. एक वॅट या प्रमाणात तारेचे दिवे लावण्याचे कोष्टक पुणे जिल्ह्यातील कोंबडीपालकांच्या हाती याच काळात आले.

या क्षेत्रात पुण्याला देशव्यापी स्थान मिळवून देण्याचे श्रेय बी. व्ही. राव यांच्याकडे जाते. त्यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीज या उद्योगाने अमेरिकी बॅबकॉक वंशावर आधारित बी व्ही ३०० हे अंड्यांचे वाण देशभर रुजविले. अंड्यांचा भाव मध्यस्थांनी ठरविण्याऐवजी उत्पादकांनी जाहीर करावा, यासाठी त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालयही पुण्यात आहे. १९५०–५१ मध्ये भारताचे अंडी-उत्पादन १८३ कोटी होते. २०२२–२३ मध्ये ते १३,८३८ कोटींवर गेले. या वाढीत वाण, संतुलित खाद्य, लसीकरण व पिंजरापद्धती यांचा वाटा प्रमुख असून दिवे हे त्यांचे साहाय्यक होते. एकट्या दिव्याने ही वाढ झाली नसती.

प्रकाशाचा नियम एकदा पत्करला, की तो मोडता येत नाही, हेही अनुभवास आले. महाराष्ट्रात २००५ नंतर काही वर्षे वीजटंचाई तीव्र होती व ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन असे. सोळा तासांच्या उजेडाची सवय झालेल्या कोंबड्यांचा दिवस अचानक बारा तासांवर आला, की त्यांची पिसे गळू लागतात व अंडी उतरतात. जनित्र ठेवणे मोठ्या मालकांना परवडले. हजार-पाचशे पक्षी असलेल्या लहान उत्पादकास ते जड गेले. परसातील कोंबडीला मात्र भारनियमनाची वार्ताही लागली नाही.

परसात प्रकाशाचा उपयोग : गावठी कोंबडीस दिवा लावल्याने खर्चाच्या मानाने फारसा लाभ होत नाही, कारण तिचा वेळ उबविण्यात व पिले सांभाळण्यात जातो आणि उरलेल्या वेळात खाद्य अपुरे असते. तरीही प्रकाशासंबंधी एक गोष्ट परसातही महत्त्वाची आहे. खुराडे हे मांजर, मुंगूस व चोर यांच्या भीतीने घट्ट बंद केलेले व आतून काळोखी असते. ते उजाडताच उघडण्याऐवजी घरची कामे आटोपून आठ-नऊ वाजता उघडले आणि दिवेलागणीपूर्वीच लावले, तर डिसेंबरातील अकरा तासांचा दिवस कोंबडीच्या दृष्टीने नऊ तासांचा होतो. सूर्याने न केलेला उत्तरेकडील हिवाळा अशा रीतीने खुराड्याचे दार करते. तलंगांना अंड्यावर येण्यास विलंब होण्याचे हे एक कारण असू शकते आणि ते दूर करण्यास काहीही खर्च येत नाही. जाळीचे दार लावल्यास भक्षकांपासून रक्षणही होते व पहाटेचा उजेडही आत पोहोचतो.

ज्यांनी संकरित अथवा सुधारित कोंबड्या परसात ठेवल्या आहेत, त्यांना हिवाळ्यात पहाटे तीन-चार तास मंद दिवा लावण्याचा लाभ होतो. कोंबडीच्या डोक्याच्या पातळीवर पाच ते दहा लक्स, म्हणजे मोठे छापील अक्षर कसेबसे वाचता येईल इतका उजेड पुरतो. दिवा संध्याकाळपेक्षा पहाटे लावणे बरे. संध्याकाळी तो एकाएकी मालवला, तर कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच अडकून पडतात. पाच महिन्यांखालील तलंगांना असा दिवा मुळीच लावू नये. कॅल्शियमयुक्त शिंपल्यांचा चुरा व प्रथिनयुक्त खाद्य यांची जोड नसेल, तर उजेडाने उत्तेजित झालेली कोंबडी स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम खर्च करून अंडी घालते व लंगडी होते.

पिंपळे गुरव १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेते व खळी जाऊन इमारती उभ्या राहिल्या. व्यापारी कोंबडीपालन मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांकडे सरकले. देशभरात मात्र परसातील पक्ष्यांची संख्या घटली नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सु. ३१ कोटी ७० लक्ष भरली असून ही वाढ २०१२ च्या तुलनेत सु. ४६ टक्के आहे. शहरी भागात जेथे एखाद्या जुन्या घराच्या अंगणात किंवा बैठ्या वस्तीत कोंबड्या पाळल्या जातात, तेथे प्रकाशाचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. रस्त्यावरील दिव्याचा झोत जाळीच्या खुराड्यावर थेट पडत असेल, तर त्याच्या जवळ पाच लक्सची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि कोंबडीची रात्र तुटते. अशा ठिकाणी तलंगा अपेक्षेपूर्वी अंड्यावर येणे, अंडी घालण्याच्या वेळा विस्कळीत होणे व कोंबड्यांनी एकमेकींस टोचणे असे प्रकार संभवतात. खुराड्याच्या दिव्याकडील बाजूस गोणपाट किंवा पत्रा लावून पूर्वेची बाजू मोकळी ठेवणे, एवढा उपाय त्यास पुरेसा होतो.